निमकर मॅडम आणि त्यांची डोरू

निमकर मॅडम पहिल्यांदा माझ्या दुकानात आल्या त्या बाळंतिणीचं दूध मागायला.

न्यूझीलंडमधल्या बॉटनी डाउन्सच्या ज्या फार्मसीत मी काम करते, तिथे त्या दिवशी सर्दी-खोकलेवाल्यांची ही रांग लागलेली. रांगेत एक सत्तरीच्या बाई. अंगावर सुती साडी, तिच्यावर जावयाचं असावं असं ढगळं पफर जॅकेट, पायात पांढरेशुभ्र स्पोर्ट्‌स शूज. नंबर आल्यावर त्यांनी माझ्या सहकारी मुलीला दोन्ही हात जोडून "कीया ओरा" हा इथला माओरी नमस्कार केला आणि खणखणीत इंग्रजीत विचारलं, "बडीशेप घरात आहे, सताप मी कुंडीत लावलाय, व्हाइट वाइन जावयाकडे आहे. मुलगा झालेल्या बाईचं दूध कुठे मिळेल?"

सहकारी मुलीनं माझ्याकडे पाहिलं. ही तुमच्यातली दिसते, तूच बघ, असा त्याचा सरळ अर्थ होता.

"कशासाठी हवंय आजी?" मी मराठीतच विचारलं.

"आजी कोणाला म्हणतेस? मॅडम म्हण. डोळ्यांत घालायला."

"बाप रे! तुम्ही डोळ्यांत घालणार?"

"मी कशाला घालीन? डोरू घालायची. साडेतीनशे वर्षांपूर्वी. मला फक्त बघायचंय, ह्याला वास कसा येतो ते."

मागे रांगेतला एक माणूस जोरात शिंकला. मॅडमनी वळून त्याला "गेझुंडहाइट" म्हणून आशीर्वाद दिला आणि पुन्हा माझ्याकडे पाहत उभ्या राहिल्या. दूध मी अर्थातच दिलं नाही. पण त्या दिवसापासून दर मंगळवारी त्या आमच्या दुकानात येऊ लागल्या, आणि मंगळवारी सुट्टी घेणं मी बंद केलं.

मॅडमनी पुण्याच्या एका कॉलेजात पस्तीस वर्षं जर्मन शिकवलं होतं. निमकर सर गेल्यावर त्या एकुलत्या एका मुलीकडे, केतकीकडे, न्यूझीलंडला आल्या. "पाहुणी म्हणून आले आणि फर्निचर म्हणून राहिले," असं स्वतःच सांगायच्या. इथे आल्यावर बायका भिशी लावतात, भजनी मंडळ काढतात. मॅडमनी एक जर्मन राजकन्या पाळली.

तिचं खरं नाव डोरोथेआ. नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली झाकलं जाईल एवढ्याशा संस्थानाच्या राजाची ही सातवी मुलगी. पंधराव्या वर्षी तिला पार उत्तरेकडच्या एका बिजवराला दिली, चाळिशीच्या. घोडागाडीत अकरा दिवस हाडं खिळखिळी करून घेत ती सासरी पोहोचली आणि पुन्हा कधी माहेरी आली नाही. सासरी तिनं स्वतःची अर्क काढायची खोली बांधली. मुळ्या, पानं, फुलं उकळून औषधं करायची, गावातल्या गोरगरिबांना द्यायची, आणि बहिणी दिल्या होत्या त्या साऱ्या राजवाड्यांना जासुदाबरोबर बाटल्या पाठवायची. तिची पत्रं तिकडच्या एका दप्तरखान्यात पडून होती. तिथल्यांनी त्यांचे फोटो काढून मॅडमना पाठवले. ती जुनी जर्मन लिपी म्हणजे मुंग्या शाईत बुडवून कागदावर सोडलेल्या. आजच्या जर्मन माणसालाही ती वाचता येत नाही. आमच्या मॅडमना यायची.

"दिवसाला दोन ओळी," त्या सांगायच्या. "तिसरी वाचायला गेलं की मन आपल्या पदरचं वाचायला लागतं."

केतकीच्या गॅरेजमध्ये गाडी नव्हती, डोरूचं खानदान होतं. नाताळच्या भेटी गुंडाळायच्या कागदाची पाठकोरी गुंडाळी त्यांनी भिंतीभर चिकटवली होती आणि तिच्यावर वंशवृक्ष काढला होता. कुठली बहीण कुठे दिली, कोणाला किती मुलं, त्यातली किती जगली. मी एकदा कौतुकानं म्हटलं, "मॅडम, केवढे मोठे राजेलोक!" त्यावर त्या फणकारल्या, "राजेलोक कसले! सहा बहिणी सहा दिशांना. एक भेटेल तर शपथ! तुमचं व्हॉट्सॲपवर तरी तोंड दिसतं."

मास्तरीणपणा हाडीमाशी खिळलेला. इथली पोरंटोरं काही झालं की झकास या अर्थानं "स्वीट ॲज" म्हणतात. मॅडमना ते सहन व्हायचं नाही. पोस्टातला मुलगा, बसचा ड्रायव्हर, कोपऱ्यावरचा वाणी म्हणजे इथला डेअरीवाला, ज्यानं ज्यानं "स्वीट ॲज" म्हटलं त्याला त्या थांबवायच्या. "स्वीट ॲज व्हॉट? वाक्य पूर्ण कर बाळा!" डेअरीवाल्यानं शेवटी हार मानली. मॅडम दिसल्या की तो आपणहून "स्वीट ॲज हनी, मॅडम" म्हणायचा, आणि त्या पाव किलो जास्त कांदे घ्यायच्या.

अक्षरावरून त्या माणूस ओळखत. माझं एक बिल पाहून म्हणाल्या, "काल रात्री झोपली नाहीस." खरंच नव्हते झोपले. डोरूचं तर विचारूच नका. इथे तिला ताप आहे, इथे टाक बोथट झालाय, इथे दासीनं लिहून घेतलंय आणि सही तेवढी हिची, सगळं त्यांना दिसायचं. मात्र भाबडेपणा अजिबात नाही. एका पत्रावर शाई पसरलेली पाहून मी हळवी झाले, "रडली असेल का हो बिचारी?" तर म्हणाल्या, "शाई पसरली की लगेच अश्रू! अगं, बिअर सांडली असेल. हे लोक सकाळी उठल्यापासून बिअर प्यायचे."

त्यांची नात अनया सोळा वर्षांची. इथेच जन्मलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. डोरूच्या लग्नाची गोष्ट ऐकून ती पोर ताडकन उभी राहिली. "फिफ्टीन? आजी, दॅट्स इल्लीगल! कोणीतरी पोलीस बोलवा ना!" घाबरून शेवटचं वाक्य चक्क मराठीत. मॅडम तिच्याकडे पाहतच राहिल्या. मग मला म्हणाल्या, "बघ, साडेतीनशे वर्षांत डोरूसाठी पोलीस बोलवावासा वाटणारी ही पहिली."

आमच्या मंडळाच्या गणपतीत त्यांना दहा मिनिटं बोलायला दिली होती. विषय 'गणेशतत्त्व'. मॅडमनी गणपतीला नमस्कार केला, "हा सुद्धा आईच्या बाजूनं उभा राहिला म्हणून डोकं गमावून बसला," एवढं म्हणाल्या आणि थेट डोरूवर आल्या. पुरुष मंडळी मोबाइलमध्ये शिरली. मॅडम सांगत होत्या, लग्नाच्या आदल्या दिवशी बापानं आपले कारभारी बोलावले, पंधरा वर्षांच्या पोरीपुढे एक कागद ठेवला. बापाच्या राज्यावर, जमिनीवर, घरावर माझा काही हक्क नाही, सगळं भावांचं. तिनं सही केली. मगच लग्न लागलं.

"ह्याला आपल्याकडे काय म्हणतात?"

मागून एक बाई हळूच म्हणाली, "हक्कसोडपत्र."

"किती जणींनी केलंय इथे?"

कोणी हात वर केला नाही. पण हॉलमध्ये जी शांतता पसरली ती मी आजही विसरलेले नाही. एरवी आमच्या मंडळात आरतीलाही एवढं शांत नसतं. डॉक्टर बायका, नर्सबाई, मोठमोठ्या कंपन्यांतल्या इंजिनीअर, सगळ्या आपापल्या पर्सशी चाळा करत बसल्या होत्या.

"मी पण करणार आहे," मॅडम म्हणाल्या. "भाऊ आहे माझा, शरद. हिस्सा मागितला की माहेर तुटतं म्हणतात. पण बायांनो, ज्याला हवंय त्यानं स्वतःच्या तोंडानं मागावं तरी. डोरूला कारभाऱ्यानं मागितलं. ते तिला आयुष्यभर लागून राहिलं."

त्यानंतर चहाच्या टेबलाशी मॅडमभोवती बायकांचा असा गराडा पडला की प्रसादाचे मोदक संपले तरी त्यांना एकही मिळाला नाही.

डोरूचा भाऊ एर्न्स्ट पुढे गादीवर आला. डोरूनं त्याला पत्रांवर पत्रं लिहिली. माझी मुलं गेली, माझा नवरा गेला, एकदा तरी ये, नाहीतर मला बोलव. उत्तरं यायची ती चिटणिसाच्या अक्षरात. महाराज आपल्या दुःखात सहभागी आहेत, इत्यादी. स्वतःच्या हातची एक ओळ नाही. मॅडम त्याला 'दगडोबा' म्हणायच्या. "दगडोबाला वेळ नाही. दगडोबा शिकारीला गेलाय." त्याच्यावर एक अख्खं प्रकरण त्यांनी लिहून ठेवलं होतं, आणि काय लिहिलं होतं! जिवंत असता तर अब्रूनुकसानीचा दावा लावता.

हे सगळं एर्न्स्टला नव्हतं, हे मला कळत होतं. साताऱ्याचा शरद त्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. आई लवकर गेली, म्हणून मॅडमनीच त्याला वाढवला. पाटीवर अक्षरं त्यांनी गिरवून घेतली. दर भाऊबीजेला व्हिडिओवर ओवाळणं व्हायचं, इकडे ह्या निरांजन फिरवायच्या, तिकडे तो साताऱ्यात मान पुढे करून बसायचा. आणि एका भाऊबीजेला तो आलाच नाही. भाचा मंदार म्हणाला, बाबा बाहेर गेलेत. नंतर म्हणाला, नेटवर्क नाही. मग मॅडमनीही फोन करणं सोडलं. "मी मोठी आहे. मीच किती वेळा वाकायचं?" त्यांच्यासारखी मानी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

इथे मला एक कबूल करायचं आहे. शरदरावांना पॅरालिसिसचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. हे केतकीला माहीत होतं, आणि मलाही. वर्षभरापूर्वी मॅडमची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हा केतकी दुकानात येऊन म्हणाली होती, "आईला कळू द्यायचं नाही हं. तिचं बीपी. आणि इतक्या लांबून ती करणार तरी काय?" मी मान डोलावली. आपल्या लोकांत ही रीतच आहे. परदेशातल्या माणसाला वाईट बातमी द्यायची नाही. माझे वडील आयसीयूत होते तेव्हा मला "जरा सर्दी झालीय" सांगितलं होतं. तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं, आणि आता मीच दर मंगळवारी मॅडमच्या गोळ्यांचा डबा भरत, मॅडम भावाला नावं ठेवत असताना, "हो ना, हो ना" करत होते. लाज वाटते मला त्याची.

मग कागद आले. साताऱ्याचं घर बिल्डरला द्यायचं ठरलं होतं आणि मंदारनं मोबाइलवर हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवला होता. खाली "आत्या, इथे सही करून नोटरी करून पाठव" एवढी ओळ. आमच्या दुकानात फोटो छापायचं मशीन आहे. मॅडम मंगळवार नसताना आल्या.

"मोठा छापून दे. मोबाइलवर मला दिसत नाही."

"सही करणार?"

"करणारच आहे. घर घेऊन काय डोक्यावर ठेवू? पण शरदनं एक फोन नाही केला गं. कारभाऱ्याहाती मागितलं." आणि त्या एकदम लहान मुलीसारख्या रडकुंडीला आल्या. "माझ्या हातचं जेवलाय तो."

कागद मशीनमधून बाहेर आला. शेवटच्या पानावर शरदरावांची सही आधीच होती. मॅडमनी पर्समधून भिंग काढलं. सवयच ती. भिंग सहीवर ठेवलं आणि त्या वाकल्या. मी समोर उभी, हातात कोणाची तरी खोकल्याची बाटली.

"ही शिरोरेषा उजवीकडून डावीकडे ओढलीय," त्या म्हणाल्या.

मी बाटली काउंटरवर ठेवली.

"डावखुरा माणूस ओढतो अशी. शरद डावखुरा नाही. पण 'श' त्याचाच आहे. ही गाठ मी शिकवलेली." त्यांनी मान वर केली. "सुमेधा, माझ्या भावानं डाव्या हातानं सही केलीय. का केली?"

मी बाटलीचं लेबल सरळ करू लागले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना कळलं.

"तुला माहीत होतं."

"मॅडम, केतकी म्हणाली..."

"गोळ्यांच्या डब्यावर साइड इफेक्ट तर बारीक अक्षरात सगळे छापता ना? मग हे का नाही छापलंत?"

आपले दुपारचे चार म्हणजे तिकडे सकाळचे साडेनऊ. त्यांनी तिथेच काउंटरपाशी उभं राहून मंदारला फोन लावला. स्पीकरवर.

"आत्या! कागद मिळाले ना?"

"मिळाले. बाबांना कधी झालं?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"दीड वर्ष झालं, आत्या," मंदार म्हणाला आणि त्याचा आवाज फुटला. "तू एवढी लांब. तुझं ऑपरेशन. तुला कशाला काळजीत टाकायचं म्हणून... बाबा अजून भाऊबीजेला तयार होऊन बसतात गं. आम्ही फोन लावत नाही म्हणून चिडतात."

मॅडमनी फोन खाली ठेवला. दुकानात गिऱ्हाइकं होती, पण त्यांना कशाचीच पर्वा नव्हती. "दीड वर्ष मी रुसून बसले," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "तो तिकडे मान पुढे करून बसलाय, आणि मी इकडे रुसून बसलेय! अक्षर वाचते म्हणे मी. डोंबल वाचते!" मग खुर्चीत बसल्या. मी पाणी दिलं. ते हातात तसंच धरून म्हणाल्या, "आणि तो एर्न्स्ट! चिटणिसाच्या अक्षरात उत्तर आलं म्हणजे माज, हे धरून मी त्या माणसाची अकरा वर्षं बदनामी केली. त्याचाही हात चालत नसेल, हे माझ्या टाळक्यात एकदाही आलं नाही. कोणी सांगितलंच नसेल डोरूला. लांब आहे, कशाला काळजीत टाका."

त्या संध्याकाळी केतकीच्या घरी रणकंदन झालं. डॉक्टर नको म्हणाले, जावई विम्याचं बोलला, केतकी रडली. मॅडमनी दगडोबाचं अख्खं प्रकरण कॉम्प्युटरवरून पुसून टाकलं आणि शुक्रवारचं तिकीट काढायला लावलं, जाण्याचंच. मला वाटलं होतं आता माझं तोंडही बघणार नाहीत. पण गुरुवारी आल्या आणि तीन महिन्यांच्या गोळ्या घेतल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "पुरे. पुढच्या वेळी कोणी गप्प बस म्हटलं तर बसू नकोस. एवढं केलंस तरी पुष्कळ." आणि माझ्या गालावरून हात फिरवून गेल्या.

त्याला आता पाच महिने झाले. त्या परत आलेल्या नाहीत, आणि येतील असं केतकीलाही वाटत नाही. मागच्या मंगळवारी मला त्यांचा व्हिडिओ फोन आला. जरा वाळल्यासारख्या दिसल्या, पण आवाज तोच, शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा. शरदला रोज अर्धा तास डाव्या हातानं गिरवायला लावते म्हणाल्या. डोरूच्या दिवसाला दोन ओळी चालू आहेत, पण आता मोठ्यानं वाचते, ह्याला ऐकायला आवडतं.

"आणि ते कागद?" मी विचारलं.

"अगं, ते ऐक. मंदारनं वकील बोलावला. मी पेन उघडलं. म्हटलं, शरद, सही करते हं, तुझं घर तुला. तर ह्यानं डाव्या हातानं सगळा गठ्ठा लोटला तो खाली जमिनीवर! मंदार म्हणतो, आत्या, बाबांना समजत नाही. मी म्हटलं, गाढवा, तुम्हाला समजत नाही. आता ते कागद कपाटात आहेत. विषय पुन्हा निघालेला नाही."

"मला दाखवा ना शरदरावांना."

"दाखवते, थांब." पडदा हलला, छत दिसलं, पंखा दिसला, मग पुन्हा त्यांचाच चेहरा आला. "छे, नाही जमत गं फोन वळवायला. एका हातानं काय काय करू? सकाळपासून माझं मनगट धरून बसलाय हा, सोडायलाच तयार नाही. चहासुद्धा आज डाव्या हातानं प्यायले मी."